बाटलीवरचा दोनशे तेवीस

छापखान्यात त्याला सगळे ‘भिंग’ म्हणत. प्रुफं तपासण्यात तीस वर्षं गेलेली. निसटलेला अनुस्वारसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नसे. थोरल्या बहिणीला दम्यामुळे सल्फाइट घातलेलं काहीही वर्ज्य झालं, तेव्हा बाटल्या-पुडे वाचायचं काम आपसूकच त्याच्याकडे आलं. दोनशे वीस ते दोनशे अठ्ठावीस हे सल्फाइटचे क्रमांक; यातला एक जरी आकडा दिसला की वस्तू परत फळीवर.

भाचीला नोकरी लागली, त्या रविवारी ताईने त्याला नेहमीचं सफरचंदाचं थंड पेय आणायला सांगितलं. दुकानात बाटलीचा कागद बदललेला होता. वर ठळक ‘नवी चव’. चष्मा घरी राहिलेला, मागे रांग खोळंबलेली. नेहमीचंच तर आहे, म्हणत त्याने दोन बाटल्या उचलल्या.

“वाचलंस ना रे?” पेला हातात घेत ताईने विचारलं.

“वाचलं ग. पी तू बिनधास्त.”

पाव तासात ताईची छाती घरघरू लागली. पंप ओढला, तरी श्वास पुरेना. दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क चढवत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय खाल्लं होतं?”

“केक,” भाची म्हणाली. “मी केलेला. त्यात सुके जर्दाळू होते. दुकानदार म्हणाला होता, यात सल्फाइट नाही...”

“सुक्या जर्दाळूत बहुतेकदा असतंच. आणि पेय?”

“ते मामाने वाचून आणलं होतं.”

तो शेजारीच उभा होता.

संध्याकाळी ताईचा श्वास सुरळीत झाला, पण तिला तिथेच ठेवून घेतलं. तो घरी आला, चष्मा लावला आणि उरलेली बाटली उजेडात धरली. प्रिझर्व्हेटिव्ह, दोनशे तेवीस. बारीक होतं, पण स्वच्छ छापलेलं होतं.

दोन दिवस तो गप्प राहिला. सांगू, जरा बरी होऊ दे, अशी स्वतःचीच समजूत काढत होता. तिसऱ्या दिवशी ताईला घरी आणलं, तेव्हा भाची केकची भांडी खोक्यात भरत होती. कोणाला तरी देऊन टाकायची म्हणे. लहानपणापासूनची तिची हौस, आणि ती भांड्यांकडे बघतही नव्हती.

त्याला राहवेना. ताईच्या पलंगापाशी बसून त्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं.

ताईने भिंतीकडे तोंड वळवलं. “माझं जाऊ दे. मला सांगून मोकळा होऊ नकोस. तिला सांग.”

भाचीने खोक्यावर हात ठेवून ऐकलं. “दवाखान्यात तुम्ही माझ्या शेजारीच होतात ना, मामा?”

“होतो.”

“मी आईच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते हो! दोन दिवस!”

“माझं चुकलं, बाळा.”

तिने भांडी परत कपाटात लावली, एकेक, आवाज करत. मग त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला. पण नेहमीसारखी शेजारी बसली नाही.

पुढच्या रविवारी तो बिस्किटांचा पुडा घेऊन गेला. दुकानात त्याने तो दोनदा वाचला होता. भाचीने त्याच्या हातातून पुडा घेतला, खिडकीशी नेला आणि पहिल्या अक्षरापासून वाचू लागली. तिचं वाचून होईपर्यंत तो दारातच उभा राहिला.