आठवी पट्टी

बाईंनी पट्टीमागचा कागद सोलला आणि ती चिकटवायला जागा शोधू लागल्या. खिडकीची काच तडकलेली होती. मागच्या सात पट्ट्यांनीच ती धरून ठेवली होती.

"ह्या कोपऱ्यातून अजून वारा येतो," मुलगी म्हणाली.

बाईंनी आठवी पट्टी कोपऱ्यात लावली आणि फोटो काढला. 'आम्ही येऊन गेलो. आपण भेटला नाहीत.' सरकारच्या हजेरी मोहिमेसाठी हा एकच मजकूर छापून आला होता. त्यामुळे भेटलेल्यांच्या घरीही हीच पट्टी लावायची होती.

"मी तर भेटले की!"

"आठही वेळा. वकीलसाहेब, शाळेत कधी भेटणार?"

मुलीनं आत बोट दाखवलं. आजीला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागे. आई इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर.

"न्या हो हिला," आतून आजी ओरडली. "पडल्या पडल्या माझ्याकडून पाढे म्हणवून घेते!"

"गुरुवारी आजीजवळ मावशी येणारे. एकच दिवस," मुलगी हळूच म्हणाली. "जमलं, तर ती राहायलाच येईल म्हणते. माझा बाक आहे ना?"

"आहे तर."

तिच्या बाकावर पट्ट्यांचे गठ्ठे रचलेले होते. शाळेत परतल्यावर बाईंनी ते स्वतः उचलले, बाक ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्या.

बुधवारी शाळा सुटल्यावर आदेश आला. सर्वाधिक भेटी दिल्याबद्दल शाळेला ढाल मिळणार होती. सोहळा दूरच्या शहरात, उद्या शाळेला सुट्टी, शिक्षकांची बस तासाभरात.

"सर, मला राहू द्या. ती उद्या येणारे."

"अहो बाई, हजेरी मोहिमेसाठी सत्कार, आणि तुम्हीच गैरहजर?" मुख्याध्यापक कळवळून म्हणाले. "तिथं हजेरी घेणारेत. लेखी खुलासा द्यावा लागेल."

बाईंनी बसमधून मुलीच्या आईला सहा वेळा फोन लावला. धुलाईघरात फोन दारातच काढून घेत. सातव्यांदा लावला, तेव्हा बाईंच्याच फोननं मान टाकली.

शुक्रवारी सगळे परतले. शाळेच्या फाटकावर, कुलपाच्या बरोबर वर, एक पट्टी चिकटवलेली होती. तिचा एक कोपरा सुटला होता, मागच्या गोंदाला काचेची बारीक कपची लागून आली होती.

'आम्ही येऊन गेलो. आपण भेटला नाहीत.'

"अरे वा, आपलीच पट्टी!" मुख्याध्यापक म्हणाले. "राहू द्या, शोभते."

बाईंनी पट्टीचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला.

ढाल चांगली दोन हात उंच होती, कार्यालयाच्या कपाटात मावेना. मग शिपायानं ती बाईंच्या वर्गात नेली. तिथं एक बाक रिकामा होता, शिवाय पुसलेलाही.