मैनाबाईची किसणी आणि कडू लवकी

मित्रांनो, मला जीभ नाही. नुसते दात आहेत, आणि तेही अंगभर. मी पत्र्याची एक जुनी किसणी आहे. अकोल्यातल्या एका स्वयंपाकघरात खिडकीच्या गजाला सुतळीने मला टांगून ठेवलं आहे. खोबरं, गाजर, कैरी, सगळं आधी माझ्या अंगावरून जातं आणि मग माणसांच्या पोटात. पुढे त्या पोटात काय होतं, हे आम्हा भांड्यांना सहसा कळत नाही. मला मात्र कळलं.

माझा जन्म चांदूर बाजारचा. एका टिनवाल्याने तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, ठोकून सपाट केला आणि खिळा धरून हातोडीने भोकं पाडली. इकडून खिळा शिरायचा, तिकडून पत्रा फाटून वर यायचा. त्या फाटलेल्या कडांनाच लोक माझे दात म्हणतात. बाजाराच्या दिवशी जयवंताबाई नावाच्या बाईने माझ्यावरून अंगठा फिरवला. रक्ताचा थेंब आला. तशी ती खूश होऊन म्हणाली, "हे बरी हाय. माह्या मैनाच्या रुखवतात हेच ठेवतो."

अशी मी मैनाबाईबरोबर अकोल्याला आले. तिचा नवरा शेषराव सरकारी नोकरीत होता. घर लहान, पण नीटनेटकं. बैठकीत बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि आत, दारातून बैठक दिसेल असे, आम्ही. मैनाबाईच्या हाताला चव होती. तिने केलेला गाजराचा हलवा खाऊन पाहुणे बोटं चाटायचे, आणि ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "माह्या मायनं देल्ली हे किसनी. मशीनचा कीस असा येत नाई." ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. तिची मुलगी संध्या लहानाची मोठी झाली, अमरावतीला शाळेत शिकवायला लागली. शेषराव निवृत्त झाला. आणि त्याच सुमारास मैनाबाईचं पोट बिघडलं.

कधी चार घास खाल्ले की पोटात पीळ पडायचा आणि तिला धावत जावं लागायचं. कधी दिवसचे दिवस पोट साफ व्हायचं नाही, नगाऱ्यासारखं फुगायचं. बसमध्ये हौसेने खिडकीशी बसणारी बाई दाराजवळची जागा धरायला लागली. कुठे जायचं म्हटलं की आधी तिथे संडास कुठे आहे ते विचारायची. लग्नाकार्याला जाणं तिने सोडलंच.

अमरावतीच्या एका डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. त्या दिवशी ते जे बोलले, ते संध्याने घरी येऊन सांगितलं. "आतड्याला जखम नाही, गाठ नाही. आतडी हळवी झाली आहेत. त्रास खरा आहे, पण जीवाला धोका नाही. वेळेवर जेवायचं, काय सोसतं ते हळूहळू ओळखायचं, आणि मनावर ताण घ्यायचा नाही."

शेषरावाने यातलं आपल्याला हवं तेवढंच ऐकलं. शेजारच्या गल्लीत त्याचा जुना सोबती नागसेन राहायचा. तो जय भीम घालून बैठकीत बसला की शेषराव मोठ्याने सांगायचा, "रिपोर्ट कोरे निंगाले, नागसेन. काईच नाई तिले. नुसते नखरे." मग आत हाक मारायचा, "मैना! आज कितीक खेपा झाल्या वो? सांग ना नागसेनभाऊले. लाजते कायले?"

मैनाबाई चुलीवरचा चहा ओतता ओतता थांबायची. नागसेन खाली बघायचा. "राहू द्या ना भाऊ," असं पुटपुटायचा. शेषराव हसायचा. मी एवढ्या भाज्या सोलल्यावर किसल्या आहेत, पण माणसाला साल काढून चारचौघांत असं ठेवलेलं मी तिथेच पाहिलं.

संध्या दर रविवारी यायची. तिने घाई केली नाही. आईला एकदम सगळं बंद करायला लावलं नाही. एक पदार्थ आठवडाभर सोडून पाहायचा, बरं वाटलं तर कायमचा सोडायचा, नाहीतर पुन्हा घ्यायचा. असं करत दुधाचा चहा गेला, कच्चा कांदा गेला, ठेचा गेला. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी सोसली. ज्वारीची भाकर ताकात भिजवून सोसली. भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलेलं पातळ ताक तर तिला फारच मानवलं. गाजर उकडून ती माझ्यावर किसायची आणि वर थोडा ओवा टाकायची. रविवारी संध्याकाळी दोघी मायलेकी पायी फिरून यायच्या. मैनाबाईच्या गालावर पुन्हा थोडं मांस दिसायला लागलं. एकदा ती एकटी बसने मोझरीला जाऊन आली. परत आल्यावर पदर खोचून भांडी घासताना गुणगुणत होती. मला घासताना तर तिने मला उन्हात धरून दोन्ही अंगांनी पाहिलं.

नागसेन म्हणाला, "वहिनी, लेकीनं तुमाले बरं केलं बावा."

एवढं वाक्य शेषरावाला पुरलं. ऑफिसात माणसं त्याच्या सहीसाठी ताटकळायची. आता घरात बायको काय खाईल हेही त्याला कोणी विचारत नव्हतं. तो दिवसभर मोबाइलवर उपचारांचे व्हिडिओ पाहायला लागला. हा काढा, तो रस, अमुक पाल्याने आतडी धुऊन निघतात. एका सकाळी त्याने खिचडीचं पातेलं मोरीत उपडं केलं.

"हे बिमारीले गोंजारनं झालं," तो म्हणाला. "आजपासून माह्या हातचा इलाज. कच्च्या भाज्यायचा रस. बाकी सारं बंद."

"अजी, कच्चं मले सोसत नाई. पोट फुगते."

"फुगते म्हंजे आतलं विष हालून राहिलं. तुले काय समजते त्यातलं?"

तिने ऐकलं. अख्खा जन्म ऐकण्यात गेलेली बाई होती ती. रोज सकाळी ती मला घेऊन बसायची. पालक, कोबी, काकडी, जे तो आणेल ते. कीस फडक्यात पिळायचा आणि रस प्यायचा. पुन्हा पीळ सुरू झाले, पुन्हा धावपळ. तिचे गाल बसले. संध्या रविवारी आली की बापाशी भांडायची. "बाबा, तिचं पोट आहे ते! तिला विचारा ना!" शेषराव म्हणायचा, "तू शाळा शिकवते नं, पोरायले शिकव." आणि संध्या सोमवारी गेली की मैनाबाईला ऐकवायचा, "लेकीजवळ माही चुगली करते काय?" मग तिने लेकीला सांगणंही सोडलं.

आणि एक दिवस शेषराव लवकी घेऊन आला. पुण्या-मुंबईकडे तिला दुधी म्हणतात. कोणाच्या तरी कुंपणावरच्या वेलाची होती ती. लवकी दिसायला देखणी, हिरवीगार, बोट रुतेल इतकी कोवळी. नागसेन बैठकीतच होता. "आता पाह्य, कसा जालीम रस असते याचा," असं त्याला म्हणत शेषराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

मैनाबाईने लवकी माझ्यावर घासली. मित्रांनो, जीभ नसली तरी पत्र्याला कळतं. आंबट कैरी पत्र्याला ओढते, खारट त्याला खातं. लवकीचं पाणी तर नेहमी निमूट वाहून जातं. ते त्या दिवशी दातांच्या बुडाशी चिकटून बसलं. पिळताना मैनाबाईच्या बोटाला रस लागला, तो तिने जिभेला लावला आणि लगेच मोरीत थुंकली.

"अजी, हे कडू हाय. भलती कडू हाय."

"कडू हाय म्हनूनच तं औषद हाय. कारलं गोड असते का?"

"कारल्याचं कडू येगळं. हे जिभीले चावून राहिलं. माही माय अशी लवकी ढोरायलेई टाकत नव्हती."

"पी म्हनलं नं!" नागसेन ऐकत होता, त्यामुळे त्याचा आवाज आणखी चढला. "साऱ्या दुनियेले फायदा होते, अन् हिलेच कडू लागते."

तिने पेला त्याच्यापुढे धरला. "मंग तुमी घ्या एक घोट. तुमी घेतला का मी साराच पितो."

"मले काय धाड भरली? बिमार तू हाय."

नागसेन उठून म्हणाला, "शेषराव, राहू दे. दुसरी आनू." पण शेषराव दारातून हलला नाही. मैनाबाईने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि पेला रिकामा केला. मोरीवर पेला विसळण्याआधीच तिचा हात पोटाशी गेला.

पहिली उलटी झाली तेव्हा शेषरावाचा चेहरा खुलला. "निंगून राहिलं पाह्य! सारं विष निंगून राहिलं. निंगू दे." दुसरी झाली, तिसरी झाली. जुलाब सुरू झाले, ती मोरीपाशीच कोसळली, लुगडं भरलं. ती म्हणाली, "अजी, दवाखान्यात न्या." तो म्हणाला, "इलाज अर्ध्यात तोडत नसतात." तिच्या उलटीत रक्त दिसलं तेव्हा नागसेन त्याला ढकलून आत आला. त्याने तिचे हात धरले, ते बर्फासारखे गार होते. शेषराव भिंतीला पाठ लावून उभा होता आणि अजूनही "थोडी वाट पाहू" म्हणत होता. नागसेनने रस्त्यावर पळत जाऊन ऑटो आणला आणि तिला उचलून नेलं.

मी तशीच ओट्यावर पडून राहिले. कीस माझ्या दातांत वाळला. मुंग्यांची रांग आली, माझ्या कडेशी थबकली आणि वळून गेली.

दवाखान्यात काय झालं ते मला संध्याच्या बोलण्यातून कळलं. कडू लवकीत जहाल विष असतं. त्यावर उतारा नाही. सलाइन लावून, रक्तदाब सांभाळून शरीर झगडेल तेवढं झगडू द्यायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात. मैनाबाई मरणाच्या दारात जाऊन आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शेषरावाला विचारलं, "रस देण्याआधी तुम्ही चाखला होता का?" तो चपलेकडे पाहत म्हणाला, "तिनं सांगाले पायजे होतं."

संध्या तिथे उभी होती. तिने तेव्हापासून बापाशी बोलणं टाकलं.

मैनाबाई घरी आली ती अर्धी होऊन. भेटायला माणसं येऊ लागली. शेषराव त्यांना सांगायचा, "टायमावर नेलं म्हनून वाचली. मी होतो म्हनून." नागसेन समोर असला तरी सांगायचा. आत मैनाबाई मुगाचं पाणी घोट घोट पीत ऐकायची. तिचा चेहरा हलायचा नाही.

तिच्या अंगात थोडं बळ आलं तसा तो पुन्हा बाजारातून लवकी घेऊन आला. "ते एकच खराब होती," तो म्हणाला. "इलाज काई खोटा नाई." रविवार होता. संध्या धावून येणार, तोच मैनाबाईने तिला हाताने थांबवलं. नागसेनही बसलेला होता.

मैनाबाईने लवकी धुतली. देठाकडचा तुकडा कापून जिभेवर ठेवला, चावला आणि गिळला. मग मला घेऊन बसली. इतक्या शांतपणे तिने मला कधी हाती धरलं नव्हतं. रस पिळला, पेल्यात ओतला आणि बैठकीत नेऊन शेषरावापुढे ठेवला.

"आज आंधी तुमी."

त्याने पेला उचलला, हुंगला. "तू चाखली नं? कडू हाय का?"

"मले काय मालूम?" ती म्हणाली. "बिमार मानसाच्या जिभीचं कोन आयकते?"

"मैना, मजाक नको करू. कडू हाय का नाई?"

"पिऊन पाहा."

शेषरावाने पेला ओठांपर्यंत नेला. थोडा रस सदऱ्यावर सांडला. त्याने पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मैनाबाई समोर उभी राहून पाहत होती. शेवटी तो उठून बाहेर निघून गेला. पेल्यातला रस काळपट पडला, तेव्हा तिने तो मोरीत ओतला.

ती लवकी गोड होती. हे तिला ठाऊक होतं आणि मला. तिने ते त्याला सांगितलं नाही. संध्यालाही सांगितलं नाही.

त्या दिवसानंतर तिने काय खावं हे तिला कोणी सांगितलं नाही. ताक, भाकर, खिचडी, उकडलेलं गाजर, असं ती आपल्या पोटाला विचारून खाते. दुखणं पुरतं गेलेलं नाही. मधूनच उठतं, तेव्हा ती दोन दिवस जपते आणि पुन्हा उभी राहते. बसमध्ये आता पुन्हा खिडकीशी बसते, असं संध्या म्हणत होती. शेषरावाचं मात्र जेवण गेलं. मैनाबाई ताट वाढते आणि तो पहिला घास नाकाशी नेऊन हुंगतो, जिभेच्या टोकाला लावतो, तिच्या तोंडाकडे पाहतो. तिने आजवर त्याच्या ताटात वाईट काही घातलेलं नाही. "खा, काई नाई त्यात," एवढं ती म्हणाली तर तो सुखाने जेवेल. ती म्हणत नाही. त्याच्या ताटातलं अन्न निवून जातं आणि ती ओट्याशी उभी राहून आपलं ताक सावकाश पिते.

मित्रांनो, लवकी, काकडी, दोडका चिरताना देठाकडचा तुकडा जिभेला लावून पाहत जा. कडू लागला तर थुंका आणि ते अख्खं फळ फेकून द्या. शिजवलं तरी ते विष मरत नाही. औषध म्हणून तर मुळीच पिऊ नका. आणि घरात कोणाचं पोट दुखत असेल, तर त्याला हसू नका, चारचौघांत त्याचं पोट उघडं करू नका. त्याला काय सोसतं ते त्यालाच विचारा आणि तो सांगेल ते खरं माना. वेळेवर विचारलं असतं, तर आमच्या या घरात दोन माणसं आज एकमेकांसमोर बसून जेवली असती.

आता मला उतरवा, बाईंनी गाजर उकडायला ठेवलं आहे.