दोन इंच कमी

मी एक पोलादी मोजपट्टी बोलतेय. आयोवातल्या एका लहान गावात काँक्रीटची कामं घेणाऱ्या डेलबर्ट ओस्टरच्या कंबरपट्ट्याला मी अकरा वर्षं लटकले.

एकदा त्याच्याच ट्रकचं चाक माझ्यावरून गेलं आणि माझे पहिले दोन इंच तुटले. "दोन वजा करत जाईन, त्यात काय," म्हणून त्यानं मला ठेवून घेतलं. तेव्हा मला धन्य वाटलं होतं.

पुढे व्हर्ना किमबॉलचं काम आलं. तिचा नवरा क्लिफर्ड चाकाच्या खुर्चीवर घरी यायचा होता आणि रस्त्यापासून गॅरेजपर्यंत नुसती खडी; तिथं तिला काँक्रीटची वाट हवी होती. डेलबर्टनं मला तीनदा पसरलं. लांबी साठ फूट, रुंदी दहा, जाडी चार इंच. ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं खोदाई, माल, मजुरी मांडली आणि अंदाज सांगितला.

"दुसरा एक जण याहून कमीत करतोय," व्हर्ना संकोचून म्हणाली.

"मग मीही तेवढ्यातच करतो." तोंड आधी बोललं, हिशेब मागाहून झाला.

तूट भरून काढायला त्यानं खोदाई अर्ध्यावर सोडली. काँक्रीट ओतायच्या आधी व्हर्ना कॉफी घेऊन आली, तेव्हा त्यानं माझं तुटकं टोक खडीवर टेकवलं आणि साच्याच्या फळीच्या काठाशी आलेला माझा चारचा आकडा दाखवला.

"बघा, चार."

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही म्हणताय ना, झालं तर."

माझा एकही आकडा खोटा नव्हता. तरी खोटं माझ्याच तोंडून गेलं.

हिवाळ्यात जमीन गोठून फुगली, काँक्रीट तडकलं. भेगेत चाक अडकून क्लिफर्ड पडला, मनगट मोडलं.

डेलबर्ट बघायला आला. "बर्फावर मीठ जास्त टाकलं आम्ही," व्हर्ना म्हणाली. "चूक आमचीच असणार."

तो भेगेपाशी खाली बसला. मग माझं तुटकं टोक त्यानं तिच्यापुढे धरलं. "मीठ नाही, व्हर्नाबाई. दोनच इंच ओतलं मी. ठाऊक असून."

क्लिफर्ड प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन दारात ऐकत होता. "पैसे वाढवून मागायचे होतेस की रे," तो म्हणाला. "दिले असते आम्ही."

मे महिन्यात डेलबर्टनं सगळं उखडलं आणि पदरचं घालून पुन्हा केलं. ओतायच्या आधी नवी मोजपट्टी तो व्हर्नाच्या हातात देऊ लागला. तिनं घेतली नाही.

"तुम्हीच सांगा, किती आहे."

"चार," तो म्हणाला. मान वर करून बोलणं काही त्याला जमलं नाही.

मी आता त्याच्या गॅरेजात रंगाच्या रिकाम्या डब्यात पडून आहे. कुणी डब्यात हात घातला की अंग चोरून घेते. भंगारवाल्या, मला घेऊन जा. वितळवून माझे खिळे कर, बिजागरी कर, काहीही कर. फक्त अंगावर आकडे नकोत.