शेषम्मांच्या मधाची बरणी

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी बरणी आहे. तोंडाशी टवका उडालाय आणि भट्टीत भाजताना मी एका अंगाला कलले ती कायमचीच. म्हणून मला कुणी विकत घेत नव्हतं. शेषम्मांनी घेतलं. उभी राहते ना, मग पुरे, असं त्या म्हणाल्या. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, त्यांच्या स्वयंपाकघरात, मी वर्षानुवर्षं डोंगरचा मध सांभाळला.

शेषम्मा ओरत्तनाडूच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवत. कुणी काही ठासून सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, पुरावा काय? शुद्ध मध पाण्यात तळाशी जातो म्हणणाऱ्याला त्या साखरेचा दाट पाकही तळाशी जाताना दाखवत. नातू प्रद्युम्न सहा वर्षांचा असताना खोकल्याने बेजार झाला, तेव्हा डॉक्टरांनीच निजताना चमचाभर मध द्यायला सांगितला. मुलांवर चाचण्या झाल्या आहेत, खोकला थोडा हलका होतो, असं ते म्हणाले. तेव्हा मी केवढी फुशारले! पण शेजारच्या भुवनाचा हात भाजला आणि ती मध मागायला आली, तेव्हा शेषम्मांनी माझं झाकण घट्ट लावलं. जखमेला लावतात तो मध निर्जंतुक केलेला असतो, हा स्वयंपाकघरातला आहे, असं समजावून त्यांनी तिला दवाखान्यात पाठवलं. जाता जाता हेही बजावलं, की वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधी चारू नये, त्यात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात, ते तान्ह्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात.

हे सगळं मी याच कानांनी ऐकलं आहे. म्हणून पुढचं सांगताना जीव तुटतो.

शेषम्मांचा मुलगा रघुराम आणि सून वाणी यांना मुलगी झाली. तिचं नाव अंबा. बारशाला घरातल्या वडीलधाऱ्या बाईने सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाच्या जिभेला लावायची, म्हणजे बोलणं गोड होतं, ही या घराची रीत. शेषम्मांनी अंगठी लावली. मग रोज न्हाऊ घातल्यावरही लावू लागल्या. इतकी शिकलेली बाई, पण रीतीला पुरावा कोण मागतो? त्यांच्या लेखी ते चारणं नव्हतंच. अंगठी माझ्यात उतरली की मी आतून आक्रोश करत असे. थांबा, तुम्हीच सांगितलं होतं ना! पण बरणीचा आक्रोश कुणाला ऐकू जाणार?

अंबा दोन महिन्यांची झाली आणि तिचं पोट साफ होईना. शेषम्मांनी मधाची अंगठी आणखी एकदा लावली. मग ती दूध नीट ओढेना. रडणं बारीक झालं, पापण्या मिटू लागल्या, मान लुळी पडली. तिला इस्पितळात हलवलं. दुधाशिवाय काही दिलं का, असं डॉक्टरांनी विचारलं. नाही, असं वाणी म्हणाली. बारशाची अंगठी तिनेही खाण्यात धरली नव्हती. रघुरामचा फोन आला, की रोग कळत नाही आणि श्वास मंदावतोय.

फोन ठेवून शेषम्मा अंगठी घ्यायला आल्या. देवीला ती नवसाने वाहायची होती. अंगठी मधाने बोटांना चिकटली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी नळ सोडला. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. अंगठी धुतली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि अंबा गेली असती.

त्यांनी नळ बंद केला. मला पदरात घेतलं आणि ऑटोत बसल्या. वाटभर त्यांनी माझं झाकण दाबून धरलं होतं.

इस्पितळात त्यांनी मला डॉक्टरांसमोर ठेवलं. शेजारी वाणी उभी होती.

"हा पुरावा," शेषम्मा म्हणाल्या. "रीत म्हणून दिल्हें, खाणं म्हणून नाही. पण दिल्हें मीच."

वाणीने तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी त्या विषावरचं औषध सुरू केलं. बीजाणू धुळीतूनही जातात, तपासल्याशिवाय मधाला दोष देता येणार नाही, असं ते म्हणाले. माझ्यातला मध तपासायला गेला. तपासणीत काय निघालं, ते मला कुणी सांगितलं नाही. अंबा एकोणीस दिवस श्वासाच्या यंत्रावर होती. शेषम्मा मला घेऊन घरी परतल्या होत्या; जेवत नव्हत्या, माझ्यासमोर बसून राहत. विसाव्या दिवशी वाणीचा फोन आला. तिने फोन बाळापाशी धरला. स्वयंपाकघरभर अंबाचं रडणं घुमलं, भक्कम, भुकेलं. शेषम्मांनी कपाळ माझ्यावर टेकलं आणि त्या हमसून हमसून रडल्या.

आता मी रिकामी आहे. मला त्याचं दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही तान्हं बाळ येईल, रीती येतील, माया येईल. त्याचा पहिला वाढदिवस होईपर्यंत मधाचं बोटही त्याच्या तोंडी लावू देऊ नका. आणि डॉक्टरांनी काय दिलं असं विचारलं, तर जिभेला नुसतं टेकवलेलंसुद्धा सांगा. मला एवढं मोठं तोंड आहे, पण बोलता येत नाही. तुम्हाला येतं.