बाबांनी आता पुढे जायचं

बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टच्या नावाने बोंब. त्यात संध्याकाळी सभागृहात बाबांचं व्हायोलिन आणि काकांची बासरी! काका म्हणजे सख्खे नव्हेत, बाबांचे तरुणपणापासूनचे जोडीदार. "तू घरून वाजव, मी इथून वाजवतो, हल्ली सगळं होतं," असं त्यांनी फोनवर ठरवूनही टाकलं. संयोजकबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. दुपारच्या तालमीत जमलं तर ठीक, नाहीतर दुसरा व्हायोलिनवाला त्यांनी तिथे आणून बसवलाच होता. बाबांनी सकाळपासून व्हायोलिनचा गज चार वेळा पुसला.

"बाबा, मी आहे ना!" मी म्हटलं. मला लिनक्सचं वेड, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी ती फुकटची प्रणाली, पेंग्विनच्या चित्राची. घरातला म्हातारा कॉम्प्युटर मीच त्यावर जगवलाय, आणि त्याला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. मैत्रिणीकडून बाहेरून जोडायचं साऊंड कार्ड मागून आणलं, साबणाच्या डबीएवढं. त्यात एका बाजूला माइक लावला, दुसऱ्या बाजूला बाबांचे आणि माझे असे दोन हेडफोन. दिवा लागला. आवाज मात्र शून्य.

"तुझ्या त्या पेंग्विनचा घसा बसलाय वाटतं," आई दारातून म्हणाली.

"आई, तू जा बघू इथून!"

टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडून कार्डांची यादी मागवली, तर एक सोडून तीन: मॉनिटरचं, कॉम्प्युटरच्या आतलं आणि आपली डबी. आणि हा शहाणा आवाज पाठवत होता मॉनिटरकडे, ज्याला स्पीकरच नाही! मी डबीला मुख्य कार्ड केलं. तरी शांतता. मग आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर उघडला तेव्हा कळलं की डबीचा आवाज मुळातच बंद ठेवलेला आहे. नवं कार्ड आलं की आधी त्याचं तोंड बंद करायचं, ही याची जुनी खोड. एक कळ दाबली, पट्टी वर सरकवली, आणि चाचणीच्या आवाजातला माणूस आधी बाबांच्या डाव्या कानात बोलला, मग उजव्या. बाबा दचकले आणि हसले. मी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली!

इंटरनेटवरून सभागृह जोडलं. "ऐकू येतंय का रे?" काका शेजारी बसल्यासारखे बोलले. मला तर आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं.

सुरुवात झकास झाली. पण बघता बघता लय मंदावली, मग रांगायला लागली आणि शेवटी दोघेही थांबलेच.

"हे असं नाही चालणार हं," संयोजकबाई म्हणाल्या.

"पाच मिनिटं द्या!" मी ओरडलेच. कॉम्प्युटर आवाज घासाघासाने गिळतो. घास मोठा असला की आवाज पोचायला उशीर होतो. मी घास लहान केला, तर बासरीत लाह्या फुटायला लागल्या. किंचित मोठा केला, लाह्या थांबल्या. आता उरला तो वाटेतला उशीर, पापणी लवण्याइतका. त्याला माझा लिनक्स तरी काय करणार?

पुन्हा सुरू. पुन्हा तेच रांगणं! या वेळी मी पडदा सोडून बाबांकडे बघत होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी ते कणभर थांबत होते, काकांसाठी. आणि तिकडे काका थांबत होते बाबांसाठी. दारात उभं राहून 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुम्ही' करणाऱ्या पाहुण्यांसारखी दोघांची गत!

"बाबा, तुम्ही त्यांची वाट बघताय!"

"मग? साथ म्हणजे दुसरं काय असतं?"

"आज नाही बघायची. काका, तुम्ही यांच्या मागे चला. बाबा, तुम्ही सरळ पुढे जायचं. मी तुमच्या कानातली बासरी बंद करते."

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे तो मला ऐकूच येणार नाही?"

"नाही. पण तिकडे तुम्ही दोघं बरोबर वाजाल."

"मी आहे रे इथे," काका म्हणाले. "तू वाजव."

मी बासरी बंद केली. बाबांनी डोळे मिटले आणि सुरू झाले, न थांबता, ताठ मानेने! मध्ये एक जागा येते, तिथे व्हायोलिन गप्प राहतं आणि बासरी एकटी वाजते. बाबांनी गज उचलला. खोलीत घड्याळाशिवाय कशाचाही आवाज नाही. चांगल्या पायाने ताल देत ते न ऐकू येणारी बासरी ऐकत होते, मान हलत होती. आणि मध्येच, एकदम मोठ्याने, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा!"

आई पदर तोंडाला लावून उभी होती. बाबांनी गज टेकवला आणि शेवटपर्यंत वाजवलं. मी घाईघाईने आवाज सुरू केला.

आधी टाळ्या ऐकू आल्या. संयोजकबाई म्हणाल्या, "संध्याकाळी असंच करा, फक्त अर्धा तास आधी जोडा." बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"तू होतास का रे?" त्यांनी विचारलं.

"तुझी 'वा' अगदी जागेवर पडली," काका म्हणाले.