एल्डर तुस्कानोचा ट्रिमर

मित्रांनो, मी एक जुना ट्रिमर आहे. केस कापायचं मशीन. माझा काळा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे, माझा एक कंगवा बंगळुरूला हरवला आणि चालू झालो की मी जरा जास्तच घुरघुरतो. पण अजून कोणाचा केस ओढत नाही. एवढा अभिमान मला आहे आणि तो मी लपवणार नाही. लोकांच्या डोक्यावर बसायचा हक्क ज्याला जन्मतःच मिळाला, त्याने उगाच नम्र का व्हावं?

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारख्या असंख्य भावंडांबरोबर मी खोक्यात बसून दुबईला आलो आणि ड्रॅगन मार्टमधल्या एका दुकानात लागलो. तिथे एके दिवशी जोसेफिन तुस्कानो आली. ती मूळची वसईची. नवरा आणि मुलासह जवळच इंटरनॅशनल सिटीत राहायची. तिने माझ्यासारखे बरेच जण चालू करून कानाशी धरले, नारळ वाजवून घ्यावा तसे. शेवटी मला निवडलं.

“सिस्टर, बेटा सलून खोलेगा क्या?” दुकानदार जहूरने विचारलं.

“नही भैया, मिशनपे जा रहा है.”

जहूरला काही उलगडा झाला नाही, पण त्याने तेलाची एक छोटी बाटली फुकट दिली. भला माणूस.

तुम्हालाही उलगडा झाला नसेल, म्हणून सांगतो. तुस्कानो कुटुंब ज्या ख्रिस्ती मंडळीचं आहे, तिला लोक मॉर्मन म्हणतात. त्यांच्यातली तरुण मुलं दोन वर्षं घर सोडून देवाच्या कामाला जातात. पगार नाही, सिनेमा नाही, मैत्रिणी नाहीत. पांढरा शर्ट, टाय, काळे बूट आणि बारीक कापलेले केस. नेहमी दोघांनी मिळून राहायचं, एकट्याने कुठेही जायचं नाही. एरवीचं नाव बाजूला ठेवून फक्त आडनावाने हाक मारायची, पुढे ‘एल्डर’ लावून. जोसेफिनचा मुलगा विन्स्टन असा एल्डर तुस्कानो झाला आणि त्याच्या बॅगेत बसून मी बंगळुरूला गेलो.

तिथले दिवस माझे वैभवाचे होते. दोघे सकाळी साडेसहाला उठायचे, गुडघे टेकून प्रार्थना करायचे, शास्त्र वाचायचे, कानडीशी झटापट करायचे. मग ज्यांनी बोलावलं असेल त्यांच्या घरी पायी जायचे, कोणाला इंग्रजी शिकवायचे, कोणाचं सामान उचलायचे. सोमवारी कपडे धुणं, घरी फोन आणि केस कापणं. विन्स्टनचा सोबती एल्डर कोम्मू हा राजमहेंद्रीचा, हसरा आणि घाईचा. पहिल्याच सोमवारी त्याने मला इतक्या जोशात चालवलं की विन्स्टनच्या कानामागे एक टक्कल उमटलं. दोष अर्थातच माझ्यावर आला. बिनपाण्याने हजामत करणं हा माझा धर्मच आहे, पण ती हजामत नव्हती, तो दरोडा होता. विन्स्टन मात्र हळूहळू असा तयार झाला की आजूबाजूच्या घरांतले एल्डरही सोमवारी त्याच्यासमोर येऊन बसू लागले. दर सोमवारी फोनवर त्याचे वडील लिओनार्ड मोठ्याने ओरडायचे, “काय म्हणताय, एल्डर तुस्कानो!” आणि तो आवाज मला शेल्फवर ऐकू यायचा.

पण विन्स्टनचं काहीतरी बिनसत होतं. माझ्या अंगाला ते सगळ्यांत आधी कळलं, कारण मी त्याच्या हातात असायचो. त्याचा हात थरथरायला लागला होता. एखाद्या नवीन घराची बेल दाबायला हात वर केला की छाती धडधडू लागते, बोटं गार पडतात, श्वास पुरत नाही, असं तो एल्डर कोम्मूला सांगायचा. डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार आहे, भित्रेपणा नव्हे. तरीही एक दिवस त्याला अर्ध्यातूनच घरी परतावं लागलं. निघताना एल्डर कोम्मूने त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून प्रार्थना केली. डोक्याला हात लावायचा आणि काहीच कापायचं नाही, हा प्रकार मला नवीनच होता. पण विन्स्टन ढसाढसा रडला आणि मग शांत झाला, हे मी पाहिलं.

त्यांच्या मंडळीत दोन वर्षं पुरी करून कोणी आलं की विमानतळावर फुगे आणि पाट्या घेऊन लोक जमतात. विन्स्टनसाठी फक्त आईवडील आले होते. लिओनार्डने घाईघाईने त्याची बॅग उचलली आणि तो म्हणाला, “चल, गाडी लांब लावलीय.” त्या हातात राग नव्हता. लाज होती. ती रागापेक्षा जड असते.

त्यानंतर मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलो. जुन्या चार्जरांच्या आणि औषधांच्या संगतीत. विन्स्टनचे केस कानांवर आले, मग मानेवर. रविवारी उपासनेला गेला तर तो सगळ्यांत मागे बसायचा, असं जोसेफिन फोनवर बहिणीला सांगताना मी ऐकलं. माझी पाती सुकली. मित्रांनो, वापरलं न जाणं म्हणजे काय, ते ज्याने भोगलं त्यालाच कळतं.

मग मंडळीतल्या एका बाईंचा फोन आला. घरी राहूनही मिशनचा उरलेला काळ सेवा करत पूर्ण करता येतो, असं त्यांनी समजावलं. विन्स्टन ‘हो’ म्हणाला, पण त्यात जीव नव्हता. लिओनार्ड दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कंपनीच्या कामगारांची मेस सांभाळायचा. तिथे विन्स्टन कांदे सोलू लागला, ताटं वाढू लागला. त्याआधी जोसेफिनने मला बाहेर काढून, तेल घालून त्याच्या हातात दिलं. “आधी हे जंगल काप,” ती म्हणाली. आरशासमोर त्याने स्वतःचेच केस इतके नीट कापले की मेसमधला स्वयंपाकी सोमनाथ चकित झाला.

“कुठे कापलेस रे?”

“मीच. Myself.”

“मग माझे पण मार की!”

अशी सुरुवात झाली. दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, उपासना आटोपल्यावर मेसच्या मागच्या सावलीत एक प्लॅस्टिकची खुर्ची मांडली जायची आणि कामगारांची रांग लागायची. कामगारांच्या वसाहतीचा प्रमुख, म्हणजे कॅम्प बॉस, त्याची परवानगी लिओनार्डने घेतली होती. मात्र त्याने विन्स्टनला बजावलं, “इथे धर्माचं एक अक्षर बोलायचं नाही. या देशाचा नियम आहे, आपल्या मंडळीचाही आहे. फक्त केस.”

“मग मी मिशनरी कसला, पप्पा? I’m just a barber.”

लिओनार्ड झारा उचलून पुन्हा चुलीकडे वळला. विन्स्टनने त्यालाच उत्तर समजलं. त्या आठवड्यात तो आईला म्हणाला, “मम्मी, this Sunday last. Monday ला त्या बाईंना कळवतो, मला सोडा म्हणून. खलास.”

जोसेफिनने मला पुन्हा तेल घातलं, जरा जास्तच. मला मात्र धडकी भरली. त्याने मिशन सोडलं तर तो स्वतःला कायमचा पळपुटा समजेल, हे तिला जसं कळत होतं तसं मलाही कळत होतं.

रविवार आला. हवा छान होती, हिवाळ्यातली. रांगेत सगळ्यांत शेवटी गणू बसला होता, साइटवरचा सुतार, गुहागरकडचा. इतर जण त्याच्यापासून जरा अंतर ठेवून होते. मधेच तो उठून विन्स्टनसाठी कागदी कपात चहा घेऊन आला.

“थँक यू, गणूभाऊ. मी नाही घेत,” विन्स्टन हसून म्हणाला आणि पुढच्या डोक्याकडे वळला. गणूने कप तसाच परत नेला. त्याचा चेहरा मी पाहिला, विन्स्टनने पाहिला नाही.

गणूची पाळी आली. “झिरो मार. सगळं काढ.”

“सगळं? Sure?”

“बापूस गेला आमचा. आज दहावा. तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, म्हणून भाऊ म्हणाला, येऊ नको. पण केस तरी द्यायला हवेत ना?”

विन्स्टनचा हात थांबला. माझ्या पाठीवर त्याची बोटं गार पडली आणि मी ओळखलं, तीच ती थरथर. बंगळुरूची. त्याचा श्वास अडकू लागला आणि त्याने मला बाजूच्या स्टुलावर ठेवून दिलं.

गणूने मान वळवून पाहिलं. “राहू दे,” तो हळूच म्हणाला. “सुतकातल्या माणसाला हात नसेल लावायचा तर राहू दे. मघाशी चहापण नाही घेतलास. मला काय, सवय झाली. गेले इतके दिवस माझ्या ताटाशेजारी कोणी बसत नाही.”

दारात लिओनार्ड हातात झारा घेऊन उभा होता. आता विन्स्टन मेसमध्ये पळेल, असं मला वाटलं. पण तो गणूच्या समोर येऊन खाली बसला.

“नाही, नाही, गणूभाऊ. असं नाही.” मराठी शब्द त्याला सापडत नव्हते, तरी तो शोधत होता. “आमच्यात कोणीच चहा घेत नाही. माझी मम्मीपण नाही. I swear. आणि हे हात... हे माझे हात घाबरतात. तुमच्यामुळे नाही. मला आजार आहे. म्हणूनच मी परत आलो.”

इतके महिने हे वाक्य तो घराबाहेर कोणाजवळ बोलला नव्हता. आज भर रांगेसमोर बोलला.

गणूने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग त्याने पंचा खांद्यावर नीट केला आणि मान पुढे झुकवली. “मग घाबरत घाबरत मार. मी कुठे पळतोय?”

मित्रांनो, त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम केलं. हात थरथरत होता, म्हणून मी सांभाळून चाललो. कानाजवळ, मानेजवळ कुठे केसाएवढासुद्धा ओरखडा उठू दिला नाही. गणू बोलत राहिला. त्याचे वडील आंब्याच्या पेट्या बनवायचे. रंधा मारताना तोंडातून शब्द काढायचे नाहीत. पोराचं काम आवडलं तर फक्त त्या लाकडावरून एकदा हात फिरवायचे. “तेवढंच. पण आठवडाभर पुरायचं ते,” गणू म्हणाला. विन्स्टन ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याची बोटं पुन्हा ऊबदार झाली.

“मागे शेंडीचे चार केस ठेव हं.”

“कुठे?”

गणूने हात मागे नेऊन त्याचं बोट धरलं आणि बरोबर जागेवर टेकवलं. “हितं.”

सगळं झाल्यावर गणू उठला नाही. “लोक म्हणतात तू देवाचा माणूस हाईस. माझ्या बापूससाठी कायतरी म्हण.”

विन्स्टनने दाराकडे पाहिलं. लिओनार्ड जागचा हलला नाही.

“मोठ्याने नाही म्हणता येत, गणूभाऊ. मनात म्हणतो. चालेल?”

“न चालायला काय झालं? देवाला ऐकू येतं.”

विन्स्टनने डाव्या हाताने त्या मोकळ्या डोक्यावरचे केस झटकले आणि तो हात तिथेच राहिला. त्याने डोळे मिटले. मला बंद करायचंही तो विसरला आणि मी आपला उजव्या हातात घुरघुरत राहिलो, काय करणार! मग गणू नळाखाली डोकं भिजवून आला. येताना त्याने एक पेलाभर पाणी आणलं. विन्स्टनने ते सगळ्यांसमोर गटागटा पिऊन टाकलं. ते पाहून सोमनाथ उठला, आपलं ताट घेऊन आला आणि गणूच्या शेजारी बसला.

परतताना गाडीत मी मागच्या सीटवर पिशवीत होतो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा लिओनार्डने विचारलं, “उद्या त्या बाईंना काय सांगणार आहेस?”

“सांगतो की नेक्स्ट संडेला मी बिझी आहे. दोघे जण उशिरा आले, त्यांचे राहिले आज. दे आर वेटिंग.” मग विन्स्टन म्हणाला, “पप्पा, मी बंगळुरूला खूप बोललो. आज काहीच नाही बोललो. पण आज मी मिशनरी होतो.”

लिओनार्डने मान हलवली. घरी आल्यावर तो बाल्कनीत गेला, स्टूल ओढलं, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळली आणि मुलाकडे पाठ करून बसला. इतक्या महिन्यांत त्याने आपले केस त्याला कधी कापू दिले नव्हते.

“यल्ला, चल, काप,” तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. ती मान बराच वेळ खालीच राहिली आणि चादरीवर केसांबरोबर पाणीही पडलं. विन्स्टनने ते पाहिलं. त्याचा हात अजिबात थरथरला नाही.

तर मित्रांनो, माझं सांगणं थोडकं आहे. काम झालं की माझ्यासारख्याच्या पात्यांतले केस ब्रशने झटका, तेलाचा एक थेंब द्या, आम्ही बरीच वर्षं साथ देऊ. आणि तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणी अर्ध्या वाटेवरून परत आलं असेल, तर त्याला कारणं विचारत बसू नका. त्याच्या हातात काम द्या आणि आपलं डोकं पुढे करा.