राजाभाऊंच्या कोड्यांचा फळा

मी फळा बोलतोय. आधी शाळेत होतो, पण कुणी विचारलं तर मी स्वतःला स्नूकर क्लबातलाच म्हणवतो.

भोकरदनच्या एका सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला केलं आणि वर काळा रंग चढवला. शाळेत माझ्यावर गणितं लिहिली जायची आणि समोरची पोरं खिडकीबाहेर बघायची. पुढे तिथे पांढरे गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून राजानंदने मला उचललं. सगळे त्याला राजाभाऊ म्हणत.

बसस्टँडजवळ, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचा क्लब होता. क्लब म्हणजे एक जुनं टेबल, चार क्यू, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, आणि एक बाकडं. जालन्यात कॉलेजला असताना त्याला या खेळाचा नाद लागला होता. गावातल्या लोकांना वाटायचं, वर जुगार चालतो. वर खरं तर पोरं आपला नंबर कधी येतो यावरून भांडत बसायची. राजाभाऊने मला टेबलासमोर ठोकलं आणि दर रविवारी सकाळी माझ्यावर एक कोडं लिहायला सुरुवात केली.

"नंबर लागेपर्यंत डोकं चालवा," तो म्हणायचा. "तोंड न्हाई."

कोडी स्नूकरचीच असायची. लाल चेंडू टेबलाच्या भोकात पाडला की एक गुण, मग एक रंगीत पाडायचा, मग पुन्हा लाल. रंगीतांत पिवळ्याचे दोन, हिरव्याचे तीन, तपकिरीचे चार, निळ्याचे पाच, गुलाबीचे सहा आणि काळ्याचे सात. एवढ्या सामानावर राजाभाऊ कोडी रचायचा.

पहिलं कोडं मला अजून आठवतं. एकाने तीन लाल आणि दोन रंगीत पाडले, गुण झाले चौदा, काळा पडलाच नाही. तर रंगीत कोणते?

उत्तर दिलं बद्रीनाथने. तो एसटीत कंडक्टर, राजाभाऊचा लहानपणापासूनचा दोस्त. गाडी सुटायला वेळ होता म्हणून वर आल्ता.

"लालाचे तीन गेले, उरले अकरा. सात न् चार जमतंय, पण काळा न्हाई म्हणतोस. मंग पाच न् सहा. निळा न् गुलाबी! बराबर?"

"बराबर. पण जल्दी सांगितलंस. आता बाकीच्यांनी काय करायचं?"

त्या दिवसापासून बद्रीनाथ माझा फोटो काढून ग्रुपवर टाकू लागला. ग्रुपचं नाव 'लालनंतर रंग'. धावड्यापासून कुंभार पिंपळगावपर्यंतचे लोक त्यात आले. कितीतरी जणांनी क्यू कधी हातात धरला नव्हता, खेळ फक्त मोबाईलवर बघितला होता. पण रविवारी माझी वाट बघायचे. कुणी शेतातून उत्तर पाठवायचा, कुणी दूध घालायला गेलेला तिथून. शाळेत गणिताचा तास बुडवणारी हीच माणसं असणार. आता एका गुणावरून रात्री जेवण थंड करायची.

एकदा राजाभाऊने लिहिलं, 'एका डावात एकशे सत्तेचाळीसच्या वर जाता येईल का?' सगळे पंधरा लाल, प्रत्येकावर काळा आणि शेवटी सगळे रंग, याची बेरीज तेवढीच होते. बद्रीनाथ खवळला. "बिलकुल न्हाई! तू लोकांना येड्यात काढून राह्यला." ड्युटीवर गेला तरी दर थांब्यावरून फोन करून भांडत होता.

संध्याकाळी राजाभाऊने त्याला टेबलाशी उभं केलं. "हे बघ, माझा डाव सुरू व्हायच्या आधीच समोरच्यानं फाउल केला. आता मला एकही लाल सरळ दिसत न्हाई. मंग मला फ्री बॉल. कोणताही रंग लाल समजून पाडायचा, त्याचा एक. त्याच्यावर काळा, सात. अन् लाल तर सगळे जिथल्या तिथं हायेत!"

बद्रीनाथने बोटांवर बेरीज केली. मग बाकड्यावर बसून म्हणाला, "आठ वाढले की रे. एकशे पंचावन्न. माझा अख्खा दिवस खराब केलास." आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मला विचाराल तर माझं आयुष्य तिथे भरून पावलं होतं.

त्यानंतरच्या एका रविवारी राजाभाऊने तीन लाल, दोन रंगीत आणि गुण वीस असं कोडं लिहिलं. दोन्ही वेळा काळा पडला तरी सतराच होतात. लोकांना वाटलं, यात काहीतरी मेख आहे. आठवडाभर सगळे झटले. पुढच्या रविवारी उत्तर विचारलं तर राजाभाऊ माझ्याकडे बघत म्हणाला, "हे मी कधी लिहिलं?"

सगळे हसले. बद्रीनाथ हसला नाही.

मग त्याच्या कोड्यांत निळ्याचे चार झाले, गुलाबी गळालाच. राजाभाऊची बायको संध्या त्याला संभाजीनगरला घेऊन गेली, सोबत बद्रीनाथही गेल्ता. परत आल्यावर बद्रीनाथ रिकाम्या क्लबात संध्याशी बोलत होता, म्हणून मला कळलं. विसरण्याचा आजार होता. वाढतच जाणार होता. वय साठसुद्धा नव्हतं.

"पण वहिनी, डॉक्टर म्हणाले ना, कोड्यांत मन रमत असेल तर द्या म्हणून."

"भाऊजी, ते हेपण म्हणाले की त्यानं आजार थांबत न्हाई."

बद्रीनाथने पहिलं तेवढंच धरलं. राजाभाऊच्या नावाने तोच माझ्यावर कोडी लिहू लागला, राजाभाऊला सुटतील अशी. दर आठवड्याला आणखी सोपी. धावड्याहून कुणीतरी लिहिलं, 'राजाभाऊ, आता अंगणवाडी उघडली का?' बद्रीनाथने ते राजाभाऊला दाखवलं नाही.

शेवटी एका रविवारी त्याने लिहिलं, 'एक लाल, एक काळा. गुण किती?' आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आठ.

राजाभाऊ माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. मग नजर कोपऱ्यात गेली.

"आठ," तो म्हणाला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बद्रीनाथ सगळ्यांत जोरात. राजाभाऊने वळून त्याच्याकडे बघितलं, आणि तेवढ्यापुरता तो पूर्वीचा राजाभाऊ होता.

"बद्री, उत्तर लिहून कोडं घालतोस मला?"

"राजा, तसं न्हाई रे..."

"मला कळून राह्यलं. अजून कळतंय मला."

तो जिना उतरून गेला आणि परत क्लबात आला नाही. बद्रीनाथने ग्रुपवर खरं काय ते सांगितलं. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. काही दिवस कुणी काही टाकलं नाही, मग शुभ सकाळची फुलं येऊ लागली.

क्लब मोडला, टेबल विकलं. मला संध्याने घरी नेलं. ती माझ्यावर रोज सकाळी लिहायची, आज वार कोणता, संडास कोणत्या बाजूला. सगळ्यांत वर लिहायची, 'मी संध्या, तुमची बायको.' राजाभाऊ वाचायचा आणि मान हलवायचा. बद्रीनाथ सुट्टीच्या दिवशी येऊन शेजारी बसायचा.

एक दिवस राजाभाऊने वरची ओळ बोट ठेवून वाचली. मग संध्याकडे वळून अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही संध्याला ओळखता का?"

"हो," ती म्हणाली.

"तिला सांगा, मी वाट बघून राह्यलो. लय उशीर केला तिनं."

"सांगते," संध्या म्हणाली. तिने ओल्या फडक्याने मला पुसलं आणि त्यानंतर माझ्यावर काही लिहिलं नाही. आता तो वाचतही नाही.

मी मोरीजवळच्या भिंतीला टेकून उभा आहे. खालून पाणी लागून फुगलोय. मला पुन्हा रंग देऊन कुठे टांगा, असं मी म्हणणार नाही, आता माझ्याकडून काही होणार नाही. एवढंच मागणं आहे. तुमच्या माणसाची बेरीज चुकायला लागली, तर कोपऱ्यात उत्तर लिहून ठेवू नका. त्याला अजून कळत असतं. मग काय करायचं, हे मलाही कुणी सांगितलेलं नाही.